अनोरगुलच्या हातचा नान

मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. इस्तारावशान शहरातल्या आमच्या शाळेत बत्तीस वर्षं मुलांना बेडूक उघडून दाखवला, साबणानं हात धुतले की काय होतं ते फळ्यावर लिहून दाखवलं. मेल्यावर माणसाचं नुसतं शरीर उरतं, त्याला भिण्यासारखं काही नसतं, हेही शिकवलं. वार्षिक परीक्षेत हा प्रश्न मी हमखास घालायचे आणि चुकीचं उत्तर लिहिणाऱ्याला सरळ शून्य द्यायचे. आता अनोरगुलबद्दल लिहायला बसले आहे, तर आधी एक कबूल करून टाकते. त्या परीक्षेत मी स्वतः नऊ वर्षं नापास होत होते.

अनोरगुल माझ्यापासून तिसऱ्या दारात राहते. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. नवरा रशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. तिथे दुसरी बायको केली, दुसरी मुलं झाली. अंगणातला तंदूर हाच आता माझा नवरा, असं ती म्हणायची. "हा निदान गरम तरी असतो, मुअल्लिमा," म्हणून खदाखदा हसायची. मला सगळा मोहल्ला मुअल्लिमा, म्हणजे शिक्षिका, म्हणतो. करोमत हे माझं नाव माझ्या आईशिवाय कुणी फारसं वापरलं नाही.

तिच्या नानाबद्दल काय सांगू? पहाटे तिच्या दारापुढे बायका कापड घेऊन उभ्या राहायच्या आणि ऊन वर यायच्या आत टोपल्या रिकाम्या व्हायच्या. रोज तंदुरात वाकून वाकून तिच्या हातांवरचे केस कोपरापर्यंत जळून गेले होते. नानाच्या मध्यावर नक्षी टोचायचा शिक्का तिच्या आजीचा होता, लाकडी मुठीचा, आठ पाकळ्यांचा. त्यातल्या एका पाकळीचे दोन काटे कधीतरी तुटले होते, त्यामुळे तिच्या प्रत्येक नानावर सात पाकळ्या पुऱ्या आणि एक अर्धी असायची.

"बाजारात नवा शिक्का मिळतो, घे की," मी एकदा म्हटलं.

"नवा घेतला तर माझा नान कुठला हे कसं कळणार?" ती म्हणाली.

तिचा एकुलता एक मुलगा नुसरत एकवीस वर्षांचा झाला आणि तोही मॉस्कोला निघाला. शिंप्याच्या मुलीशी त्याचं ठरलं होतं, लग्नापुरतं कमवून दोन वर्षांत परत यायचं होतं. मार्च महिना होता, अंगणातल्या जर्दाळूला नुकती फुलं आली होती. तिनं दारात त्याच्यासमोर गरम नान धरला. त्यानं एक मोठा घास चावून घेतला आणि तोंड भरलेलं असतानाच आईला मिठी मारली. उरलेला नान तिनं बैठकीच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. निघालेला माणूस परत येऊन आपला नान संपवतो, तोवर त्याला कुणी हात लावत नाही. त्याच खिळ्याला आधी तिच्या नवऱ्याचा नान चार वर्षं होता. एका सकाळी तिनंच तो उतरवला होता, भिजवून चिमण्यांना घातला होता आणि कुणाशी काही बोलली नव्हती.

"हा नाही हं तसा," नुसरतच्या नानाकडे बघत ती मला म्हणाली. "हा येणार."

त्याच वर्षीच्या जुलैत आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी ताजिनिसो बाळंतपणात गेली. तेवीस वर्षांची पोर. पहाटे गेली आणि दुपार झाली तरी तिला धुवायला कुणी नव्हतं. आमच्या मोहल्ल्यात मयत धुण्याचं काम पिढ्यानपिढ्या एकाच घराकडे होतं. त्या घरातली शेवटची म्हातारी आदल्या वर्षी मुलांबरोबर रशियाला निघून गेली होती. आपल्याला आता कधी मरायचंच नाही अशा थाटात आम्ही सगळ्यांनी तिला हात हलवून निरोप दिला होता. शेजारच्या मोहल्ल्यातली बाई नातीच्या लग्नाला खुजंदला गेलेली. पुरुष तिसऱ्या मोहल्ल्यात जाऊन रिकाम्या हातानं परत आले. बाहेर ऊन असं, की अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता.

खोलीत आम्ही वीस-पंचवीस बायका होतो आणि प्रत्येकजण दुसरीकडे बघत होती. कुणी म्हणे माझी कंबर, कुणी म्हणे माझ्या घरात लहान मूल. खरी भीती सगळ्यांना ठाऊक होती. मयत धुणारा हात गार होतो, त्या हातातली बरकत जाते, मग त्या हातचं कुणी खात नाही.

रोहत-आपा आमच्या गल्लीची जीभ. ती माझ्याकडे वळली. "मुअल्लिमा, तुम्ही तर बेडूक कापता."

"बेडूक वेगळा," मी म्हटलं.

"शाळेत तर सगळे प्राणी एकच म्हणून सांगता!"

मी उठून दाराशी जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात अनोरगुल आली. दफनाला येणाऱ्या माणसांसाठी तिला नान सांगितले होते, दोन्ही काखांत दोन टोपल्या होत्या. तिनं खोलीत नजर फिरवली, चादरीखालच्या पोरीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"सकाळपासून अशीच ठेवलीय हिला?"

 ताजिनिसोच्या आईनं तोंडात ओढणी कोंबली.

"या उन्हात?" अनोरगुल म्हणाली. टोपल्या खाली ठेवल्या, ओढणी मागे बांधली आणि बाह्या वर सारल्या. तिच्या मनात मोठा काही विचार आला असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पसारा पडलेला बघून बाई वाकते, तशी ती वाकली.

कसं करायचं हे तिला कुठे येत होतं? आमच्या बीबी-खलिफा, म्हणजे बायकांत प्रार्थना सांगणारी म्हातारी, दाराबाहेर बसून एकेक पायरी ओरडून सांगत होती. पाणी मुलीच्या आईनंच ओतलं. मी दाराच्या अलीकडे होते, माझ्या कानावर अनोरगुलचा आवाज येत होता. "आता डावा हात उचलते हं, पोरी. पाणी कोमट आहे, मी बघितलंय. जरा मान इकडे कर. शाब्बास." आतली मेलेली आणि बाहेरच्या आम्ही जिवंत, पण माणसासारखं तिच्याशी एकटी तीच बोलत होती.

धुऊन झालं, कफन झालं, पुरुष जनाजा घेऊन गेले. अनोरगुलनं साबणानं तीनदा हात धुतले आणि नान वाटायला टोपलीकडे वळली. रोहत-आपा मध्ये आली.

"राहू दे गं, दमलीस. आम्ही वाटतो."

टोपल्यांतले नान आम्ही वाटले आणि सगळ्यांनी खाल्ले. मीही खाल्ला. तो आधी भाजलेला होता ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारापुढे कुणी नव्हतं. टोपल्यांवरचं कापड दुपारपर्यंत तसंच राहिलं. बायका रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, खाली मान घालून पुढच्या चौकातल्या दुसऱ्या नानवालीकडे जात होत्या. कुणी तिला वाईट बोललं नाही. आमचा मोहल्ला तसा फार सभ्य आहे. आठवड्याभरानं तिनं पिठाची पोती निम्मी केली, महिन्याभरानं तंदूर थंड पडला. आणि त्याच महिन्यात दोन घरांतून तिला बोलावणं आलं. आता मयत झालं की कुणाला शोधायचं हा प्रश्न आमच्यापुरता सुटला होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी अनोरगुलचा धंदा बदलला. तिनं बदलला म्हणायचं की आम्ही, ते तुम्हीच ठरवा.

शिंप्याच्या बायकोनं साखरपुड्याचं दस्तरखान, म्हणजे जेवणाखाली अंथरायचं कापड, मिठाईसकट परत पाठवलं. मुलीला मयत धुणारीच्या घरात देणार नाही, असा निरोप आला.

नुसरतचा फोन माझ्या घरी यायचा, कारण फोन माझ्याकडे होता. मी खोलीबाहेर जायला हवं होतं. गेले नाही.

"तिथे हजार बायका होत्या, आई! तूच का?" त्याचा आवाज फोनबाहेरही ऐकू येत होता.

"हजार होत्या म्हणूनच," ती म्हणाली.

"सोड ते काम. आजच्या आज सोड. नाहीतर मी परत येणार नाही, सांगून ठेवतो."

फोन ठेवून ती बराच वेळ बोटांची नखं बघत बसली. मग म्हणाली, "सोडीन, मुअल्लिमा. मला काय हौस आहे?"

आणि तिनं खरंच सोडलं. त्या शरद ऋतूत तिनं फाटक आतून लावून घेतलं. तीन आठवडे गेले. एके दिवशी सकाळी वरच्या गल्लीतला सुतार तिच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. त्यानं दार वाजवलं नाही, हाक मारली नाही, टोपी हातात घेऊन नुसता उभा होता. त्याची बायको गेली होती. अनोरगुल आतून फटीतून त्याला बघत होती. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

"ओरडला असता, भांडला असता, तर नसतं उघडलं," ती म्हणाली. "पण तो उभाच राहिला हो. अशा माणसाला किती वेळ उभं ठेवायचं?"

त्यानंतर तिनं फाटक पुन्हा लावलं नाही.

बीबी-खलिफाकडून ती सगळं नीट शिकली. पांढऱ्या कापडाच्या पिशव्या शिवून हातांवर चढवायच्या, एक वरच्या अंगासाठी, एक खालच्या. अंगावरची चादर कधीच पूर्ण काढायची नाही, चादरीखालून हात घालून धुवायचं. बाईच्या केसांच्या दोन वेण्या घालून छातीवर आणून ठेवायच्या. यात शिकवण्यासारखं जेवढं होतं तेवढं बीबी-खलिफानं शिकवलं, उरलेलं तिच्या हातातच होतं.

"पीठ आणि माणूस, दोन्ही ओढून चालत नाही," ती एकदा म्हणाली. "खालून हात घालून उचलावं लागतं."

कुणाच्या अंगावर काय पाहिलं हे तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. रोहत-आपानं एकदा भर रस्त्यात तिला अडवलं. "काय गं, तिच्या पाठीवर म्हणे डाग होता?"

"पाठ होती, आपा," अनोरगुल म्हणाली. "सगळ्यांना असते."

असं बोलून ती हसली, पण तिचं हसणं आता पहिल्यासारखं पोटातून येत नव्हतं. मयताच्या घरी तिला ज्या वाडग्यात चहा देत, तो वाडगा नंतर फोडून टाकतात हे तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून ती आपला वाडगा रुमालात बांधून बरोबर न्यायला लागली. लग्नाचं आमंत्रण येणं बंद झालं. बाजारात ती भिंतीच्या कडेनं चालायची, कारण समोर आली की लोक दचकायचे. आजारी सासू किंवा म्हातारा बाप घरी असला तर जास्तच. मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाईला शेवटचा हात तिचाच लागणार होता आणि तोवर तो हात कुणालाच नको होता.

आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, ती तंदूर पेटवायची. चार नान भाजायची. दोन स्वतःसाठी, आणि दोन, खरं सांगायचं तर, माझ्यासाठी.

हो, मी विकत घ्यायचे. दर शुक्रवारी, सगळ्यांच्या देखत, नान कापडात न गुंडाळता उघडा हातात धरून गल्लीतून घरी यायचे. अडाणी लोकांना दाखवून द्यायचं होतं ना मला. घरी आले की दार लावायचे, नानाचा तुकडा मोडायचे, ओठांपर्यंत न्यायचे आणि घसा आवळून यायचा. जंतू, साबण, बेडूक, सगळं आठवून पाहिलं. तुकडा आत जाईना. मग नानाचं चुंबन घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि मागच्या अंगणात जाऊन कोंबड्यांपुढे चुरायचे. माझ्या कोंबड्या त्या काळात चांगल्या गुबगुबीत झाल्या.

सहाव्या हिवाळ्यात माझी आई गेली. नव्वदीला टेकली होती, झोपेतच गेली. अनोरगुलला बोलवायला मी स्वतः गेले. ती लगेच आली. पाणी तापवायची चूल मागच्या अंगणात होती. मी भानावर असते तर तिला तिकडे जाऊ दिलं नसतं. पातेलं घ्यायला मी तिच्यामागून गेले, तेव्हा ती कोंबड्यांच्या खुराड्यापाशी वाकलेली दिसली.

बर्फावर नानाचा एक तुकडा गोठून पडला होता. मी चुरताना मधला भाग राहून गेला असेल. त्याच्यावर नक्षी स्पष्ट दिसत होती, दोन पाकळ्या पुऱ्या आणि एक अर्धी.

तिनं तो उचलला. बर्फ पुसला, चुंबन घेतलं, कपाळाला लावला आणि कुणाच्या पायाखाली येणार नाही असा भिंतीवर उंच ठेवला. मग माझ्याकडे न बघता पातेलं उचललं.

त्या दिवशी पाणी मी ओतलं. अनोरगुल माझ्या आईशी तासभर बोलत होती. "करोमतच्या आई, आता केस विंचरते हं. किती मऊ आहेत अजून." माझा तांब्या पातेल्याच्या काठाला आपटत होता. ती मला एवढंच म्हणाली, "सावकाश, मुअल्लिमा. त्यांना घाई नाही."

ती काहीतरी बोलेल म्हणून मी चाळीस दिवस वाट पाहिली. आईच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि पुढच्या शुक्रवारी मी तिच्या दारात गेले. तिनं नेहमीसारखे दोन नान दिले. मी ते घेतले, घरी आणले आणि पुन्हा कोंबड्यांनाच घातले. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते. पण खोटं लिहून काय मिळवू?

त्या वसंतात नुसरतचा फोन आला. तो आता वर्षातून दोनदा करायचा, सणापुरता. अनोरगुल शेजारीच बसली होती. त्यानं आधी मला मागितलं.

"मुअल्लिमा, तुम्ही शिकलेल्या आहात, खरं सांगा. आईच्या हातचा नान खाता तुम्ही?"

तिनं मान वर केली नाही. ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती.

"रोज खाते," मी म्हटलं. "उत्तम असतो. वेडेपणा सोड आणि ये घरी."

पलीकडून तो मग "बघतो" म्हणाला. फोन ठेवल्यावर अनोरगुल उठली, दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "तुमचे फार उपकार आहेत, मुअल्लिमा." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसला असता.

आणि तो आला, आणखी तीन वर्षांनी. पासपोर्टची मुदत संपली होती, नवा करून घ्यायला बारा दिवसांसाठी आला होता. पण आला. तीस वर्षांचा, कानशिलाला पांढरे केस, थंडीनं गालांची कातडी राठ झालेली. तिनं आदल्या दिवशी घर सारवल्यासारखं स्वच्छ केलं, पहाटे उठून तंदूर पेटवला आणि सकाळच्या चहाला आम्हा तिघींना बोलावलं: बीबी-खलिफा, मी आणि रोहत-आपा. नऊ वर्षांत तिच्या घरी कुणाला बोलावणं हे पहिलंच. रोहत-आपा का आली, हे सांगायला नको.

दस्तरखानाच्या मधोमध चार ताजे नान होते. तीळ चकाकत होते, वाफ निघत होती, अंगणभर वास सुटला होता. तो वास मी नऊ वर्षांत विसरले नव्हते. अनोरगुलनं भिंतीवरचा नान उतरवून आणला. नऊ वर्षांचा तो नान लाकडासारखा कडक झाला होता, पण चाव्याची खूण तशीच होती, एकवीस वर्षांच्या पोराच्या दातांची. तिनं त्यावरची धूळ पुसली आणि मुलापुढे ठेवला.

"तुझा आहे," ती म्हणाली. "संपव."

आमच्याकडे सकाळी दुधाच्या चहात मीठ-लोणी घालून त्यात नान कुस्करतात. नुसरतनं त्या लाकडाचे तुकडे वाडग्यात टाकले, भिजू दिले आणि खायला लागला. खाताना त्याचे डोळे भरून आले. "तीच चव आहे, आई," तो म्हणाला. "अगदी तीच." तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. गुडघे टेकून ती त्याच्यासमोर बसली होती, दोन्ही हात ओढणीखाली लपवून.

"आता गरम घे ना, बाळा. तुझ्यासाठी भाजलेत."

"पोट भरलं, आई."

मग त्यानं आपल्या वाडग्यातले भिजलेले दोन तुकडे चमच्यानं काढून रोहत-आपापुढे धरले आणि मोकळेपणानं म्हणाला, "घ्या ना, मावशी. हा आधीचा आहे."

त्या पोराला काही वाईट बोलायचं नव्हतं. पाहुण्यांना दिलासा म्हणून तो बोलला. रोहत-आपानं तुकडा घेऊन तोंडातही टाकला. "आधीचा असला तर काय हरकत आहे," ती म्हणाली. अनोरगुलच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून कुणीतरी दिवा काढून नेल्यासारखं. चारही नान तसेच थंड झाले. मी त्या दिवशीही हात पुढे केला नाही. समोर होते, हातभर अंतरावर होते.

बारा दिवस नुसरत बाहेरून नान आणत होता, जॅकेटच्या आत लपवून. ती ते बघत होती. जेवताना त्याचा तो नान ती फडक्यानं धरून त्याच्यापुढे ठेवायची, आपली बोटं लागू नयेत म्हणून. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आईनं मुलासाठी काय काय केलेलं मी पाहिलंय, पण याच्याइतकं मला काही लागलं नाही.

तो निघाला त्या दिवशी सकाळी मी निरोप द्यायला गेले. टॅक्सी फाटकाशी उभी होती, सामान चढवून झालं होतं. अनोरगुल आतून आली. तिच्या हातात नान होता, नुकताच तंदुरातून काढलेला. तिनं तो दोन्ही हातांनी मुलासमोर धरला.

निघणाऱ्यानं चावा घ्यायचा असतो. चावा घेतला नाही तर परत यायचं कशाच्या आधारावर?

नुसरतनं नान हातात घेतला. त्याच्याकडे बघत राहिला. त्याचा गळा हललेला मला दिसला, आणि ते मी ओळखलं. माझा घसाही असाच आवळायचा. त्यानं नान ओठांना लावला, मग कपाळाला लावला, आणि अखंडच आईच्या हातात परत दिला.

"विमान चुकेल, आई," तो म्हणाला. तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं, क्षणभरच, आणि टॅक्सीत बसला.

टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती नान तसाच पुढे धरून उभी होती. माझ्यानं राहवेना. मी पुढे झाले, तिच्या हातातून नान घेतला आणि चावा घेतला. मोठा, पोरासारखा. कड कुरकुरीत होती, आत मऊ होता, तीळ जिभेवर आले. घसा आवळला नाही. काहीच झालं नाही. नऊ वर्षं मी कशाला भीत होते? मी तिथेच फाटकात रडायला लागले.

अनोरगुल माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता.

"तुमच्या चाव्याचं मी काय करू, मुअल्लिमा?" ती म्हणाली. "तुम्ही कुठे जाणार आहात? तुम्ही तर इथेच आहात."

मग थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, "उरलेला कोंबड्यांना घाला."

बत्तीस वर्षं वर्गात कुणाला उलट बोलू दिलं नव्हतं मी.  मी तिच्या उंबऱ्यावर बसले आणि तो नान खात राहिले, तिच्यासमोर, शेवटच्या तिळापर्यंत. पोटात जागा नव्हती तरी खाल्ला. ती आत गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा हातात चहाचा एक वाडगा होता. रुमालात बांधून नेते तोच, तिचा. तो तिनं माझ्यापुढे ठेवला आणि तंदूर झाकायला गेली.

आता मी दर शुक्रवारी जाते आणि तिच्या अंगणात बसूनच खाते. रोहत-आपा बघून पलीकडून जाते. मोहल्ल्यात अजून कुणी खात नाही, मयत झालं की मात्र सगळे तिलाच बोलावतात. नुसरतचा फोन सणाला येतो. कधी येणार, असं ती त्याला विचारत नाही. भिंतीवर टांगायला काही नाही. खिळा तेवढा तिनं काढलेला नाही.